चौथ्या व्यक्तीची पडताळणी

माझे थोरले बंधू चैतराम यांच्या दहाव्याला आम्ही भावकीतील पुरुषांनी वैनगंगेच्या घाटावर रिवाजाप्रमाणे डोके, दाढी आणि मिशा उतरवल्या. त्यानंतर तेरवी आटोपते न आटोपते तोच घरोघरी पार्सले पोहोचवणाऱ्या एका कंपनीने माझे दोन पुतणे आणि मी, अशा आम्हा तिघांना एकच माणूस ठरवले. हा निर्णय कंपनीतील कोणा माणसाने घेतलेला नव्हता. त्यामुळे त्याच्याशी वाद घालण्याची सोय नव्हती.

प्रथम पुतण्यांविषयी. वीरेंद्र हा चैतरामदादांचा मुलगा. पवन आमचे मधले बंधू पुनाराम यांचा. पुनाराम जाऊन बरीच वर्षे झाली. दोघे जवळपास एकाच वयाचे असून मध्य प्रदेशातील बालाघाटमध्ये गोंदिया रोडवर असलेल्या कंपनीच्या गोदामातून मोटारसायकलने पार्सले नेतात. वीरेंद्रकडे लामत्याचा रस्ता आहे, पवनकडे शहरातील वस्त्या. वीरेंद्रला या कामावर पवननेच लावले होते. त्या काळी दोघांत बोलणे होते.

ते बंद होण्याचे कारण असे. तीन वर्षांपूर्वी दादांच्या छातीत दुखू लागले म्हणून त्यांना गोंदियाला दवाखान्यात भरती केले. वीरेंद्र बाहेर बाकावर बसून होता. करण्यासारखे काही नव्हते, म्हणून त्याने व्हॉट्सॲपवर स्वतःच्या फोटोच्या जागी वडिलांचा फोटो लावला. आमच्याकडे वडील हयात असताना मुलगा असे करत नाही. स्वतःचा फोटो काढून बापाचा लावणे ही बातमी असते आणि ती तशीच वाचली जाते. पवनने ती तशीच वाचली. त्याने तोच फोटो घेतला, त्याला झेंडूचा हार घातला, दोन्ही बाजूंना समया उभ्या केल्या, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ असे लिहिले आणि भावकीच्या ग्रुपवर टाकला.

भावकीने हात जोडले. लामत्याहून आणि बिरसाहून लोक निघाले. दुपारपर्यंत दादांच्या अंगणात पांढऱ्या कपड्यांतली बरीच मंडळी जमली. त्या वेळी जिजावहिनी दवाखान्यात न्यायच्या डब्यात मुगाची खिचडी भरत होत्या.

“काहून आलात सगळे?” त्यांनी विचारले.

एका पाहुण्याने पाणी मागितले.

दादांनी तो ग्रुप दवाखान्यातील खाटेवर चष्मा मागवून घेऊन वाचला. मी शेजारी होतो. वरपासून खालपर्यंत वाचून झाल्यावर ते म्हणाले, “फोटो चांगला आला.” मग पुन्हा एकदा वर जाऊन म्हणाले, “घनश्यामनं हातच जोडले फक्त. लिहिलं काईच नाई. त्याच्या पोरीच्या लग्नात मी मांडवाचे बांबू वाहिले होते.”

त्यांच्या मनात पवनबद्दल राग नव्हता. वीरेंद्रच्या मनात होता. दादा बरे होऊन घरी आल्यावर गोदामात, पार्सलांच्या ढिगाजवळ, दोघांचे शेवटचे बोलणे झाले. ते मला दोघांनीही सांगितले आहे आणि दोन्ही कथनांत फरक नाही.

“माह्या बापाले जित्तेपणी मारलं तू. आता माह्यासंग बोलू नोको.”

“अबे, फोटो तं तूच लावला होता.”

“फोटो मी लावला होता. हार तू लावला.”

त्यानंतर दोघांचा जो काही व्यवहार राहिला तो कंपनीच्या ॲपमधून होत असे. लामत्याचे पार्सल चुकून पवनच्या पिशवीत आले की तो ‘हस्तांतरण’ दाबत असे आणि वीरेंद्र ‘स्वीकारले’ दाबत असे. त्यावर ॲप दोघांनाही ‘धन्यवाद’ म्हणत असे. आमच्या भावकीत बोलणे चालू असलेल्या काही भावांत एवढीही सभ्यता नाही, हे येथे नमूद केले पाहिजे.

यंदा दादा खरोखर गेले. ग्रुप दुपारपर्यंत शांत होता. प्रत्येकाने आधी मला फोन करून खात्री करून घेतली, आणि खात्री झाल्यावरही दुसरा कोणी लिहितो का याची वाट पाहिली. पवनने फोन केला नाही. तो सरळ अंगणात येऊन उभा राहिला आणि तिरडी उचलताना त्याने मागच्या बाजूने खांदा दिला. वीरेंद्र पुढे होता.

भिंतीवर लावण्यासाठी वहिनींनी तोच फोटो निवडला. “त्याइनंच सांगून ठेवलं होतं, हाच लावजा म्हणून,” त्या म्हणाल्या. वीरेंद्रने समया आणि खालची ओळ कापून घेतली आणि बाकीचा फोटो मोठा करून आणला. हार मात्र कापता येण्यासारखा नव्हता. तो फोटोत राहिला.

दहाव्याच्या आदल्या दिवशी वीरेंद्र माझ्याकडे आला होता.

“काका, मिशी नाई काढली तं चालन काय? ॲप रोज सकाळी चेहरा पायते, मंगच काम देते.”

“बापासाठी काढायची की कंपनीसाठी ठेवायची, ते तुझं तू ठरव,” मी म्हणालो.

त्याने थोडा वेळ मिशीवरून बोट फिरवले. “काढतो,” म्हणाला.

आता आमच्या कानांविषयी सांगणे आवश्यक आहे. आमच्या घराण्यातील पुरुषांचे कान मोठे असून पुढे झुकलेले आहेत. केस असेपर्यंत ही गोष्ट कोणाच्या ध्यानात येत नाही. दादांना चाळिशीतच टक्कल पडले आणि मिशी त्यांनी कधी राखली नाही, म्हणून ते कान दादांचे म्हणून ओळखले जात. घाटावर आम्ही तिघे मुंडण करून, बुडी मारून वर आलो, तेव्हा महागू न्हाव्याने वस्तरा पुसत आमच्याकडे पाहिले आणि विचारले, “यातला कोनता झाला अन् कोनता रायला?”

त्या वेळी या प्रश्नाकडे मी फारसे लक्ष दिले नाही.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वीरेंद्र कामावर गेला. ॲपने त्याला ओळखले नाही. प्रयत्न फसल्यावर पडद्यावर सूचना आली की चेहऱ्यात बदल झाला असल्यास चेहरा नव्याने नोंदवावा. त्याने नोंदवला. ॲपने स्वीकारला. अर्ध्या तासाने पवन आला आणि त्याच्या बाबतीतही हेच सर्व घडले, फक्त शेवटी ॲपने स्वीकार न करता कळवले की हा चेहरा अगोदरच दुसऱ्या खात्यावर नोंदलेला आहे. एका व्यक्तीने दोन खाती चालवणे हा नियमभंग आहे. सबब दोन्ही खाती थांबवण्यात येत असून आठवड्याच्या आत समाधानकारक खुलासा न आल्यास ती कायमची बंद होतील. कायमची बंद म्हणजे त्या चेहऱ्याला कंपनीत पुन्हा कधीही काम मिळणार नव्हते. दोघांनाही दुसरे काम नव्हते, आणि दुसरा चेहरा तर नव्हताच.

गोदामाचा प्रमुख राकेश दोघांना चांगला ओळखतो. वीरेंद्र त्याच्या उजव्या हाताला उभा होता, पवन डाव्या हाताला.

“तुम दोनों दो हो, मेरे को दिख रहा है,” तो म्हणाला. “पर ये लिखने की जगह नहीं है इसमें. ऊपर से है सब.”

वर कोण आहे हे त्याला माहीत नव्हते.

दोघे माझ्याकडे आले. वेगवेगळे निघून एकाच वेळी पोहोचले. मी पॉलिटेक्निकमधून विद्युत शाखेची पदविका घेऊन वीज मंडळात विजेचे मीटर तपासण्याचे काम केले आहे आणि भावकीतील ऑनलाइन अर्ज बहुधा माझ्याकडेच येतात. वीरेंद्र आतल्या खोलीत खुर्चीवर बसला. पवन बाहेर छपरीत बसला. मधले दार उघडे होते.

“काका, त्याले विचारा, त्यानं सकाळी काय काय दाबलं,” वीरेंद्र म्हणाला.

हे पवनला स्पष्ट ऐकू गेले होते. तरी मी विचारले.

“त्याले सांगा, जे त्यानं दाबलं तेच मी दाबलं.”

“त्याले म्हना, मी पयले दाबलं.”

“त्याले म्हना, हे काई रेल्वेचं रिझर्वेशन नोहे, पयले आला त्याचा चेहरा.”

“त्याले म्हना, श्रद्धांजलीतबी तूच पयले होता. घाईनंच झालं सारं.”

माझी पत्नी दुर्गाबाई चहा घेऊन आली होती. ती दोघांच्या मधोमध, दारात उभी राहिली. “काकाचा घसा बसन तुमच्या पायी,” ती म्हणाली. “सरळ बोला, नाई तं आपापला चहा आपापल्या घरी प्या.”

दोघांनी चहा घेतला. बोलले नाहीत.

सूचना नीट वाचावी म्हणून मी वीरेंद्रचा फोन हातात घेऊन डोळ्यांजवळ धरला. चष्मा कपाळावर होता. पडद्यावरील वर्तुळ हिरवे झाले आणि फोन म्हणाला, “सुप्रभात, वीरेंद्र. थांबवलेल्या खात्यावर आपली ओळख पटली आहे.”

मग छपरीतून आवाज आला, “घ्या. आता लामत्याले काका जाईन.”

वीरेंद्रला हसू आले. ते त्याने चहाच्या कपात लपवले. कप खाली ठेवला तेव्हा त्याचा चेहरा पूर्ववत झाला होता.

मला मात्र यात हसण्यासारखे दिसले नाही. नोकरीभर मी मोजमापाच्या यंत्रांवर काम केले आहे. प्रत्येक यंत्रात काही चूक गृहीत धरलेली असते आणि ती किती आहे हे यंत्रावर लिहिलेले असते. या यंत्रावर ते लिहिलेले नव्हते. महागू न्हाव्याचीही आमच्या बाबतीत गल्लत झाली होती. पण महागूला शंका आली तेव्हा त्याने विचारले. यंत्राने विचारले नाही, सांगितले.

मी अपील लिहिले. घडले ते सर्व क्रमाने लिहिले: मृत्यू, रिवाज, मुंडण, कान. वीरेंद्रच्या खात्यावर माझीही ओळख पटल्याचा भाग वगळावा, असे वीरेंद्रचे मत होते. पवनचेही तेच मत होते. फक्त ते त्याने मला वेगळे कळवले. तीन वर्षांत दोघांचे एखाद्या गोष्टीवर प्रथमच एकमत झाले असल्याने मी काही वेळ विचार केला, परंतु अपुरे निवेदन देणे मला पटले नाही. ॲपमधील उत्तर देणाऱ्या यंत्राने प्रत्येक परिच्छेदानंतर आमच्या गैरसोयीबद्दल खेद व्यक्त केला. दोन दिवसांनी निर्णय आला. या चेहऱ्याचा वापर करणाऱ्या सर्व व्यक्तींनी वीरेंद्रच्या नोंदणीकृत पत्त्यावर, एकाच वेळी, एकाच चौकटीत व्हिडिओ कॉलवर हजर व्हावे. एकही व्यक्ती कमी असल्यास अपील फेटाळले जाईल.

नोंदणीकृत पत्ता म्हणजे दादांचे घर. पवन अंत्ययात्रेला अंगणापर्यंत आणि तेरवीला मांडवापर्यंत आला होता. उंबरा त्याने तीन वर्षांत ओलांडला नव्हता.

ठरलेल्या दिवशी तो आला आणि दारात चपला काढून तिथेच थांबला. जिजावहिनी आतून म्हणाल्या, “ये ना रे बाप्पा. का तुलेबी चेहरा दाखवा लागते?”

तो आत आला. वीरेंद्र खिडकीकडे पाहत होता.

उजेड समोरच्या खोलीतच चांगला होता. मी फोन पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला, अंतर मोजून घेतले आणि आम्ही तिघे भिंतीला पाठ करून उभे राहिलो. मी मध्ये, दोघे दोन बाजूंना, माझ्यापासून शक्य तितके दूर. कॉल लागला. पडद्यावर कानाला हेडफोन लावलेली एक तरुण मुलगी आली. तिने आपले नाव समीक्षा असल्याचे आणि हा कॉल गुणवत्तेसाठी नोंदवला जात असल्याचे सांगितले.

“सर, दोनों साइड वाले सर कट रहे हैं. थोड़ा पास आइए.”

दोघे थोडे सरकले.

“और पास, सर. बीच वाले अंकल थोड़ा पीछे हो जाएँगे तो अच्छा रहेगा.”

मी मागे झालो. माझ्या जागी मोकळी जागा राहिली.

“अब आप दोनों कंधे से कंधा मिला लीजिए.”

कंपनीची सूचना होती, म्हणून दोघांनी खांद्याला खांदा लावला. मला मागून दोन गुळगुळीत डोकी आणि चार कान दिसत होते. उंचीतही फरक नव्हता. मी प्रामाणिकपणे सांगतो, त्या क्षणी यंत्राबद्दलचा माझा रोष काहीसा कमी झाला.

“अब सिस्टम जाँच करेगा,” समीक्षा म्हणाली. पडद्यावर आमच्या चेहऱ्यांभोवती हिरव्या चौकटी उमटल्या आणि एक वेगळा, सपाट आवाज आला, “कृपया सभी व्यक्ति पलकें झपकाएँ.”

आम्ही डोळे मिचकावले.

“एक व्यक्ति ने पलकें नहीं झपकाईं. कृपया पुनः प्रयास करें.”

आम्ही पुन्हा मिचकावले. यंत्राने तेच वाक्य पुन्हा म्हटले. मी चष्मा काढला. वीरेंद्रने डोळ्याच्या कडेने पवनकडे पाहिले, पवनने वीरेंद्रकडे पाहिले. चूक दुसऱ्याची असणार याबद्दल दोघांनाही शंका नव्हती. तिसऱ्या वेळी आम्ही इतके जोरात डोळे मिटले की उघडल्यावर मला क्षणभर अंधुक दिसले.

“एक व्यक्ति ने पलकें नहीं झपकाईं.”

“सर,” समीक्षा म्हणाली, “वो जो पीछे खड़े हैं, थोड़ा ऊपर की तरफ, उनसे कहिए ना.”

मी चष्मा पुन्हा लावून पडद्याकडे नीट पाहिले. चौकटी चार होत्या. चौथी आमच्या डोक्यांच्या वर, भिंतीवर होती. दादांचे टक्कल, दादांचे कान, गळ्यात पवनने घातलेला हार. यंत्र त्यांच्याकडे पाहत थांबले होते.

स्वयंपाकघराच्या दारातून जिजावहिनी म्हणाल्या, “त्याइले काई सांगू नोका. जित्तेपणी तरी कोनाचं आयकलं त्याइनं?”

“सर, वो कौन हैं?” समीक्षाने विचारले. “अपील में तो तीन ही लोग लिखे हैं.”

उत्तर वीरेंद्रने द्यायला हवे होते. घर त्याचे, खाते त्याचे, वडील त्याचे. त्याने तोंड उघडले. शब्द आला नाही. तेराही दिवस तो लोकांना पाणी विचारत होता, पंगती वाढत होता, मांडववाल्याशी भांडत होता. ज्यांना सांगायचे त्यांना मीच सांगितले होते. वडील गेले, हे वाक्य त्याने अजून एकदाही स्वतःच्या तोंडाने उच्चारले नव्हते, हे माझ्या त्या वेळी ध्यानात आले. मी बोलणार होतो. पण पवन आधी हलला.

त्याने मान वळवली आणि एवढ्या जवळून वीरेंद्रकडे पाहिले की दोघांची नाके जवळजवळ लागली.

“सांगू काय?” त्याने विचारले.

यंत्राने पुन्हा एकदा डोळे मिचकावण्याची विनंती केली.

“हौ,” वीरेंद्र म्हणाला. “सांग.”

“मैडम,” पवन फोनकडे पाहून म्हणाला, “वो हमारे बड़े बाबूजी हैं. शांत हो गए.”

समीक्षाने वीरेंद्रकडे पाहिले. बहुधा खातेदाराकडून खात्री करून घेण्याचा नियम असावा.

“सही बोल रहा है, मैडम,” वीरेंद्र म्हणाला. “इस बार सही बोल रहा है.”

पवनने मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते. तो रडत होता की हसत होता हे मागून कळण्यासारखे नव्हते. वीरेंद्रचेही हलत होते आणि खांद्याला खांदा लागलेला असल्याने कोणाचे कोणामुळे हलतात हेही सांगता आले नसते.

“सॉरी सर,” समीक्षा हळू आवाजात म्हणाली. “आप लोग समय लीजिए. बस फ़ोटो हटानी पड़ेगी, नहीं तो सिस्टम आगे नहीं बढ़ेगा.”

खिळा उंचावर होता. वीरेंद्र स्टुलावर चढला.

“स्टूल धर बे,” तो म्हणाला.

“धरला आहे ना.”

“नीट धर. हालून राह्यला.”

“तूच हालून राह्यला. खाली पाहू नोको.”

फोटो खाली आला. तो पवनच्या हातात देताना वीरेंद्रने हाराकडे पाहिले. “तवा गुलाबाचा नव्हता काय तुह्याकडं? झेंडूच भेटला?”

“फोटोच्या ॲपात गुलाबाचे पैसे लागत होते,” पवन म्हणाला. “झेंडू फुकट होता.”

“माह्या बापाले फुकटचा हार घातला.”

“त्याइले आवडला होता,” वहिनी म्हणाल्या आणि फोटो पदराने पुसून आत घेऊन गेल्या.

मग आम्ही तिघांनी डोळे मिचकावले आणि यंत्राचे समाधान झाले. संध्याकाळी दोन्ही खाती सुरू झाली. दुसऱ्या दिवशी लामत्याचे एक पार्सल पवनच्या पिशवीत गेले. पवनने हस्तांतरण दाबले नाही. त्याने फोन करून वीरेंद्रला शिव्या दिल्या, असे मला राकेशने सांगितले. ॲपमध्ये त्या पार्सलाची स्थिती बराच वेळ अनिश्चित राहिली. पार्सल मात्र पोहोचले.

आठवड्याने कंपनीचा अंतिम संदेश आला. तो पाहायला वीरेंद्र आणि पवन दोघेही माझ्याकडे आले आणि दोघेही आतल्या खोलीत बसले. मी चष्मा लावून, फोन पुरेसा दूर धरून वाचून दाखवला:

“आपल्या अपिलातील तीन व्यक्तींची ओळख निश्चित झाली आहे. चौथ्या व्यक्तीची पडताळणी प्रलंबित आहे. त्यांनी आपल्या सोयीच्या वेळी पुन्हा प्रयत्न करावा.”

ही नोंद चुकीची आहे आणि ती दुरुस्त करून घेण्याची पद्धत मला आता माहीत आहे. त्यासाठीचे निवेदनही मी लिहून तयार ठेवले होते.

“पाठवू का?” मी विचारले.

वीरेंद्रने पवनकडे पाहिले. पवनने वीरेंद्रकडे पाहिले.

“राहू द्या ना काका,” दोघांपैकी एक जण म्हणाला.

निवेदन मी पाठवलेले नाही.